अडकलेला व्हॉल्व्ह आणि चौदा लाकडी घोडे

मी एका जुन्या ट्रकच्या इंजिनावरचा व्हॉल्व्ह बोलतोय. मुठीएवढा आहे. गाडी बिघडली तरच लोक माझं नाव घेतात, आणि तेही शिव्यांसकट.

माझं काम साधं आहे. गाडी ओझं घेऊन धावत असली की इंजिनातून निघालेला थोडा धूर मी परत आत सोडतो. त्यामुळे आतली आग जरा निवते आणि बाहेरच्या हवेत विष कमी जातं. गाडी जागेवर उभी असली, की मात्र मी तोंड घट्ट मिटून बसायचं.

पहिल्या मालकाने अकरा वर्षं सिमेंट वाहिलं. त्याला मी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग एका नवरा-बायकोने ट्रक घेतला आणि मागे चढवले चौदा लाकडी घोडे आणि एक हत्ती! त्यांचं फिरतं चक्र होतं. गावोगाव जायचं, मैदानात ट्रक उभा करायचा, इंजिनाला पट्टा जोडायचा, की घोडे गोल फिरू लागायचे. पोरांची किंकाळी ऐकून मी आतल्या आत खूश व्हायचो. सिमेंट कधी हसलं नव्हतं.

पण इतक्या वर्षांची काजळी माझ्यात साचली होती. एके दिवशी मी अर्धवट उघडा राहिलो तो राहिलोच. इंजिन गुदमरलं, आचके देऊ लागलं. घोडे मध्येच थांबले आणि काळाकुट्ट धूर रांगेतल्या पोरांवर गेला. एक चिमुरडी खोकून खोकून लाल झाली. बाईंनी सगळ्यांचे पैसे परत केले आणि चक्र बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजात. मेकॅनिकने नुसता कान लावला आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हा अडकलाय. पत्रा लावून याची वाटच बंद करतो. अर्ध्या तासात मोकळे व्हाल. सगळे तेच करतात."

"करा, करा," नवरा म्हणाला. "उद्या टेकडीवरच्या शाळेत जायचंय."

माझं धाबं दणाणलं. पत्रा लागला म्हणजे मी असून नसल्यासारखाच.

"आणि धुरातलं विष?" बाईंनी विचारलं.

"ते थोडं वाढेल. पण डोळ्यांना दिसत नाही हो ताई."

"आमच्या गिऱ्हाइकांची नाकं कुठे असतात, माहितीये?" बाईंनी कमरेजवळ हात धरला. "बरोब्बर सायलेन्सरच्या उंचीला. पत्रा नको. काढा त्याला बाहेर."

मेकॅनिक खो खो हसला. "मग बसा दिवसभर!"

गंजलेल्या बोल्टांनी त्याचा घाम काढला. एक तर तुटलाच. मी बाहेर आलो तो करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा. बाईंनी रॉकेलचा डबा आणि जुना ब्रश नवऱ्यापुढे सरकवला.

"घ्या. घरी भांड्यांना हात लावत नाही, निदान हे तरी घासा."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. शिकतील."

गडी घासत बसला, आणि मन लावून घासलं हो त्याने! काजळीचे खपले निघाले, माझी दांडी मोकळी झाली. मेकॅनिकने बोटाने दाबलं तसा मी उघडलो, सोडलं तसा मिटलो. मला बसवून त्याने चावी फिरवली.

भक्कन काळा धूर! नवऱ्याचा चेहरा पडला.

"थांबा, नळीतली उरलेली घाण आहे," मेकॅनिक म्हणाला.

तिघेही श्वास रोखून उभे. धूर करडा झाला, विरळ झाला, आणि मग नाहीसाच झाला. इंजिन एका सुरात गुणगुणू लागलं. नवऱ्याने काळ्या हातांनीच बायकोला टाळी दिली.

सकाळी टेकडीचा चढ आम्ही धापा न टाकता चढलो. शाळेच्या करारी मुख्याध्यापिका आधी ट्रकच्या मागे गेल्या आणि पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरून उभ्या राहिल्या. रुमाल नीट निरखला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि थेट हत्तीवर जाऊन बसल्या! अख्खी शाळा टाळ्या पिटत होती. मुख्याध्यापिका दुसरी फेरी संपली तरी उतरेनात.

आता वर्षातून एकदा मला बाहेर काढून घासतात. म्हातारा झालोय, पण हालतोय. तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊबंद असेल. तो अडकला तर त्याची वाट बंद करू नका. त्याला आंघोळ घाला, बाबांनो. बराय, पट्टा जोडला बघा. मला तोंड मिटायला हवं.