बॉबिनचा पहिला शब्द

मला सगळे भोंगा म्हणतात. आईबापानं ठेवलेलं नाव कागदावर असेल तेवढंच. आठ माग एकदम धडधडत असताना या टोकाला उभं राहून मी हाक मारली, की त्या टोकाचा माणूस मान वर करतो. बाकी कुणाची ती छाती नाही, म्हणून बाकीचे ओठांनी बोलतात. मागावरची सगळीच माणसं तसं बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड मोठं उघडून शब्द नीट करायचा. दोन रांगांपलीकडे कोण मालकाला शिव्या घालतंय ते मी इकडून वाचतो आणि हसतो.

कारखान्यावरच आमची खोली आहे. खाली माग, वर आम्ही, मधे फळ्यांची जमीन. माग सुरू झाले की फळ्या थरथरतात, फडताळातले कप वाजतात. बायको खाली बॉबिनवर सूत भरायचं काम करते. पोरगी झाली तेव्हा दुपट्यात अशी घट्ट गुंडाळलेली, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती, की मी म्हटलं, ही तर भरलेली बॉबिन! तेच नाव पडलं.

आणि काय सांगू, त्या पोरीनं मला येडं केलं. तिसऱ्या महिन्यात मान धरली, तर मी जिना उतरून पहिल्या मागापासून आठव्यापर्यंत ओठांनी सांगत गेलो. मान धरली, मान धरली! पालथी पडली तेव्हाही तेच. बसायला लागली तेव्हा तर मुकादम म्हणाला, "भोंग्या, जगात तुझीच पोरगी बसली का रे पहिली?" मी म्हटलं, "माझ्या जगात तीच पहिली." दात आला तेव्हा तिनं माझं बोट असं चावलं की दिवसभर मी ते बोट सगळ्यांना दाखवत फिरलो.

पण माझा खरा तोरा होता तो तिच्या झोपेचा. आठ माग खाली धडधडतायत आणि ही वर ढाराढूर! मी म्हणायचो, मागावरच्या घरातली पोर आहे, आवाजाला भीत नाही. लोकांची पोरं पेला पडला तरी दचकतात. आमची वाघीण आहे.

बायको पहिल्यांदा बोलली ती चौथ्या महिन्यात. "अहो, मी लाडानं हाक मारते तर ही बघतच नाही हो. एकदा डॉक्टरला दाखवू या."

मी भडकलो. माझं हे असंच आहे, आधी तोंड सुटतं. "काय दाखवू? रडते बघ कशी खणखणीत! ऐकू न येणारं पोर असं रडतं होय? पोटच्या पोरीबद्दल असं अभद्र बोलवतं कसं तुला?" खाली पाळी बदलत होती, माग घटकाभर थांबले होते. बॉबिन पाठमोरी पडली होती. मी तिच्या मागे उभा राहिलो, फळीवर पाय आपटला आणि भोंगा दिला, "बॉबिन!" तिनं गर्रकन मान वळवली आणि मला बघून बोळकं पसरलं. "झालं समाधान?" मी बायकोला म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि हसली. तिलाही तेच हवं होतं.

पाळी सुटून माग थांबले आणि मी जिना चढायला लागलो की बॉबिन दाराकडे बघायची. चाहूल लागते तिला माझी, मी सांगायचो. फळ्या हलतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. जन्म गेला त्या फळ्यांवर, तरी नाही आलं. बायको नंतर दोनदा बोलली, सहाव्या महिन्यात आणि आठव्या. आठव्यात मी ताट भिरकावलं. मग ती बोलायची थांबली, आणि मला वाटलं, चला, हिच्या डोक्यातलं भूत उतरलं.

मी खालून वर आलो की सवयीनं ओठांनीच बोलायचो. दिवसभर तेच केलेलं असतं, तोंड तसंच चालतं. बॉबिनला मांडीवर घ्यायचं, तोंडासमोर तोंड न्यायचं आणि म्हणायचं, बा-बा. ती माझ्या ओठांना हात लावून बघायची.

दहाव्या महिन्यात एकदा बायको तिला कडेवर घेऊन डबा द्यायला खाली आली. मी चौथ्या मागावर होतो. बॉबिननं मला शोधलं, मला बघितलं, आणि तिचे ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. बाबा! दोन रांगांवरून मी वाचलं. स्वच्छ वाचलं. हातातलं काम टाकून धावलो. मागे ताणा तुटला, सुताचा गुंता झाला, मुकादम बोंबलत होता, मला कशाची शुद्ध? मी तिला डोक्यावर घेऊन आठही मागांमधून फिरलो. सगळ्यांनी वाचलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि सगळे ओठांनी तिला म्हणत होते, शाब्बास! संध्याकाळी मी सगळ्यांना चहा पाजला. आयुष्यात एवढा आनंद मला झालेला नाही, यापुढे होणारही नाही.

बायको म्हणाली, "वर असताना म्हणत नाही ती."

"आई आधी म्हणाली नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," मी म्हटलं, आणि हसलो.

वाढदिवसाला आठ दिवस होते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि चार दिवस माग बंद पडले. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. नळ गळतो हेसुद्धा मला तेव्हा कळलं. दुपारी मी भिंतीला टेकून बसलो होतो. बॉबिन रांगत आली, माझा गुडघा धरून उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बाबा.

आवाज आला नाही.

मला वाटलं माझेच कान गेले. मागावर जातात माणसांचे. "पुन्हा म्हण गं," मी म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. नळाचा थेंब ऐकू येत होता. बायको दारात उभी होती. मी विचारलं, "तुला आलं ऐकू?"

"मला कधीच आलं नाही," ती म्हणाली.

मी पोरीला उचललं आणि मागच्या अंगणात फरशीवर नेऊन बसवलं. हातात सुताची गुंडी दिली. मागे जाऊन पातेलं धरलं आणि पळीनं बडवलं. कबुतरं उडाली. दोन खिडक्या उघडल्या. बॉबिन सूत ओढत होती. मी बडवत राहिलो, मग नाव घेऊन ओरडायला लागलो, शेवटी बायकोनं येऊन माझ्या हातातली पळी काढून घेतली.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. तपासून म्हणाल्या, जन्मापासूनच आहे. कानाला मशीन लावू, शिकवू, पण बोलेल असा शब्द मी देत नाही. बायकोनं विचारलं, "चौथ्या महिन्यात आणलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "पहिलं वर्ष ऐकण्याचं असतं. तेव्हा आणायला हवं होतं." बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. वर्षभर ती त्या पोरीला मांडीवर घेऊन गाणी म्हणत होती. तेव्हापासून ती बंद आहेत.

या गोष्टीला महिना झाला. मशीन यायचं आहे. माग सुरू झालेत.

काल दुपारी बायको खाली बॉबिन भरत होती, मी सुट्टीत वर आलो होतो. बॉबिन पेटीला धरून उभी होती. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. आणि टाकलं की पाऊल! दुसरं टाकलं! हात पसरून, ढुंगण मागे काढून, डुलत डुलत. मी सगळं विसरलो. डॉक्टर विसरलो, मशीन विसरलं, माझी पोर चालत होती! तिसरं, चौथं. तेव्हा मला दिसलं की ती माझ्याकडे पाठ करून चालली आहे आणि जिन्याचं दार उघडं आहे. मीच उघडं टाकलं होतं.

मी भोंगा दिला. "बॉबिन!" असा ओरडलो की घसा सोलला. ती चालत राहिली. पाचवं. मी पाय आपटला, जीव खाऊन आपटला. पण खाली आठ माग चालू होते, सगळ्या फळ्या थरथरत होत्या, माझा पाय त्यात कुठे कळणार? मग मी झेप घेतली. पहिल्या पायरीवर तिचा फ्रॉक हाताला लागला.

तिला तो खेळ वाटला. छातीशी धरली तर मान वर करून खिदळली आणि ओठांनी म्हणाली, बाबा.

जिन्याखाली बायको उभी होती. माझा आवाज मागांवरून तिच्यापर्यंत गेला होता. हातात अर्धी भरलेली बॉबिन तशीच. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. माझ्याकडे बघून तिनं ओठांनी विचारलं, सावकाश, एकेक शब्द नीट करून.

"कुणाला हाक मारत होतात?"

ओठ मला वाचता येतात. कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.