पहिला चिंचोका देवाचा

मी नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी हा आकडा बोलतोय. नाव लांबलचक असलं तरी घराणं मूळ संख्येचं. एक आणि मी स्वतः यांना सोडलं, तर मला सारखं वाटून घेणं कुणालाच जमत नाही. मला जन्म नाही की म्हातारपण नाही. तरी खरा मान मिळाला तो १९८१ च्या दिवाळीच्या सुट्टीत, सिहोऱ्यात.

तिथल्या शाळेतल्या सुलोचनाबाईंनी तुमसरच्या शिक्षकसभेत मला फळ्यावर लिहिलं आणि मूळ म्हटलं. हिरालाल गुरुजी हसले. "एवढा मोठा आकडा, कशानं ना कशानं तुटनच. तपासून पाह्यलं का बाई?"

बाईंनी फक्त वाचलं होतं. "पुढच्या सभेत तपासून सांगीन, नाहीतर शब्द मांगं घीन," त्या म्हणाल्या.

हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मला भागून पाहायचं होतं. त्याहून मोठा भाजक असता, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच सापडला असता. बाई पाटीवर भागाकार करत आणि पुसत. दर भागाकाराला सासरे यादोराव एक चिंचोका टोपलीत टाकत. अक्षरओळख नव्हती त्यांना, पण सुनेच्या गणिताचं कौतुक सगळ्या आळीला सांगून झालं होतं.

तिनाने भागलं, दोन उरले. साताने भागलं, पाच उरले. शेवटच्या नऊशे सत्त्याण्णवला तर फक्त आठ कमी पडले, माझ्या अंगावर काटाच आला. मग बाईंनी चिंचोके मोजले. एकशे सदुसष्ट.

म्हणजे एक भागाकार सुटला. कोणता, ते पुसलेली पाटी कशी सांगणार? दुसरं कुणी म्हणालं असतं, एकाने काय बिघडतं. पण मला तोडायला एकच पुरे, हे बाई जाणून होत्या. त्यांनी पाटी धुतली आणि दोनापासून पुन्हा सुरुवात केली. तीन दिवस गेले. पुन्हा एकशे सदुसष्टच.

सभा दुसऱ्या दिवशी होती. "मामाजी, शब्द मांगं घ्या लागन," बाई म्हणाल्या. "एक भागाकार सुटूनच राहिला."

"काहून सुटन?" यादोराव म्हणाले. "पयला चिचोका देवापुढं हाये ना. धानाची रास मोजताना पयलं माप देवाचंच रायते."

देवघरात दोन चिंचोके होते, दोन्ही वेळचे. बाई आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले.

सभेत हिरालाल गुरुजींनी विचारलं, "सगळे भागाकार केले?"

"सगळे. दोनदा."

गुरुजी उठले आणि माझ्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने 'मूळ' असं लिहिलं.

आता १९८९ साल आहे. यादोराव गेले. माझ्याहून थोर मूळ संख्यांना अंत नाही, त्यांच्यापुढे मी किरकोळच. आणि मी तुटलो नाही, यात माझं कसलं कर्तृत्व? मला तुटताच येत नाही. बाईंना येत होतं, तरी त्या तुटल्या नाहीत. म्हणून मागणं एवढंच, मला मूळ म्हणण्याआधी एकदा स्वतः भागून पाहा. आणि मोजताना देवाचा चिंचोका विसरू नका. सुलोचनाबाईंच्या देवघरात ते दोन्ही अजून आहेत.