पहिल्या दिवसाचा शटडाउन

चातुर्मासात मी मौनाने जेवते. ताट पुढ्यात आल्यापासून आचवेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आमच्या यांना, विद्याधरांना, हे व्रत फार सोयीचं. मला नको असलेला विषय ते नेमका मी ताटावर बसले की काढतात.

त्या सकाळीही तेच. मी ड्युटीआधी चार घास खात होते.

"आज बोरीवलीची लाइन बंद करून घेतो गं," ते बूट चढवत म्हणाले. "डोंगरातल्या टॉवरवर तारा पेलणाऱ्या चिनी मातीच्या डिस्क फुटल्यात. माणसं पुढे पाठवलीत. अर्ज राहिला, पण तू आहेसच. नको असेल तर आत्ता सांग."

मी हाताने थांबा म्हटलं.

"बघ, नाही म्हणाली नाहीस!" हसत ते जिना उतरलेसुद्धा. आचवून फोन लावला, तर उचलला नाही.

उपनगरांत वीज आणणाऱ्या मोठ्या लाइन काही सरकारी कंपनीच्या, काही खासगी कंपनीच्या. दुरुस्तीसाठी कुठली कधी बंद करायची हे आमचा नियंत्रण कक्ष ठरवतो. पण इतकी वर्षं आमचा कक्ष सरकारी कंपनीचंच एक खातं होता. कंपनीचा फोन आला की खासगीवाल्यांचं काम पुढे ढकललं जायचं. लेखी कुणी सांगत नसे, रीतच होती. "पंच तुमच्याच घरचा," ते म्हणायचे. शेवटी कक्ष वेगळा काढून त्याची स्वतंत्र संस्था केली. मी तिच्यात आले, हे कंपनीतच राहिले. तो संस्थेचा पहिला दिवस.

अंधेरीच्या लाइनसाठी खासगी कंपनीच्या यज्ञेशचा त्याच दिवसाचा अर्ज आठवड्यापूर्वीच मंजूर झाला होता. ऑक्टोबरचा उकाडा, घरोघरी एसी. दोन्ही लाइन बंद केल्या तर अंधेरी ते बोरीवली अंधारच. मी पोचले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या श्रुतिकाने रिसीव्हर उचललेला.

"मॅडम, विद्याधर सरांचा निरोप आलाय. यज्ञेशना उद्या या म्हणून सांगते ना? नेहमीसारखं?"

"ठेव तो फोन."

तेवढ्यात माझा वाजला.

"नियंत्रण कक्ष, जयंती."

"अगं, मीच. लाइन दे ना."

"साहेब, कुठली लाइन ते सांगा."

"साहेब काय! बरं. बोरीवली, डोंगराकडची."

"तुमचा अर्ज नाही. आज अंधेरीची बंद होणार. बोरीवलीची चालू राहील. परत बोला."

आमच्यात ऐकणाऱ्याने आदेश तस्साच परत बोलून दाखवायचा असतो. त्याशिवाय तो पोचला असं धरत नाहीत, कारण चुकून चालू लाइनला हात लागला तर माणूस हाती लागत नाही.

फोनमध्ये मागून त्यांच्या जुन्या लाइनमनचा, धाकूचा आवाज आला, "सायब, वैनी काय म्हणतत? चढू काय?"

"माणसांसमोर नाक कापतेस," हे हळू आवाजात म्हणाले. मग काही बोलेचनात. बाविसाव्या वर्षापासून ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस.

"इथे गप्प बसणं चालत नाही, साहेब. परत बोला."

"बोरीवलीची लाइन चालू राहील," ते एकेक शब्द टाकत म्हणाले. "कुणीही चढायचं नाही."

"बरोबर."

मग यज्ञेशला अंधेरीची लाइन बंद करून दिली. तो म्हणाला, "आजच? नक्की? मी माणसांना परत पाठवणार होतो!" त्यालाही परत बोलायला लावलं.

रात्री ताटं मांडली. हेही काही न बोलता जेवले. मी आचवून आले तशी त्यांनी मान वर केली.

"झालं तुझं?"

"झालं."

"परवा मिळेल का बोरीवली?"

"अर्ज केलात?"

"दुपारीच."

"मग बघू. आधी कुणाचा नसला तर मिळेल."

ते ताटात बोट फिरवत राहिले. "धाकू विचारत होता, वैनी घरातपण परत बोलूक लावतत काय म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मौन धरलं."