पंखा क्रमांक अकरा

आमच्या कॉलेजची जुनी इमारत पाडणार नव्हते, नवीसारखी करणार होते. हा फरक आमच्या प्राचार्य नम्रता मॅडमनी सगळ्या स्टाफला बसवून समजावला. प्लास्टर खरवडायचं, वायरिंग नवं, पायऱ्यांशेजारी रॅम्प, वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड. बाहेरून तपासणीला समिती यायची होती, म्हणून ही सगळी धांदल. पस्तीस वर्षं स्लॅब गळत होता, तेव्हा कुणाला तपासावंसं वाटलं नाय. तेव्हा बादल्या कोण मांडत होतं? लडकूमामा. म्हणजे मीच, इथला शिपाई. पोरं बदलत गेली, मामा तोच राहिला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. घरातलं माणूस गेलं की शाळेला, देवळाला नायतर कॉलेजला पंखा द्यायचा आणि त्याच्या पात्यांवर पेंटरकडून नाव लिहून घ्यायचं. आमच्या इमारतीत मान वर केली की शेणव्यापासून पार मुरबाडपर्यंतची गेलेली माणसं दिसायची. कुणाची आजी, कुणाचा चुलता. पोरं खाली बसून पेपर लिहायची आणि वर ही सगळी मंडळी गरगरत असायची.

मॅडमनी नियम काढला. जे पंखे चालू असतील ते वरच्या मजल्यावर नव्या वाचनालयात लावायचे. बंद असतील ते भंगारात. "आणि मामा, नाव कुणाचं आहे ते बघायचं नाही. नाहीतर गावंच्या गावं भांडायला येतील इथे." बरोबर होतं त्यांचं. मी मान हलवली.

चार नंबरच्या वर्गात मागच्या बाजूला अकरा नंबरचा पंखा. एका पात्यावर 'कै. कु. सारिका', दुसऱ्यावर 'लडकू वेखंडे', तिसऱ्यावर 'हिच्या स्मरणार्थ'. माझी पोरगी. एस.वाय.ला होती, ह्याच वर्गात बसायची. भाताच्या आवणीच्या दिवसांत शेतावर साप चावला, संध्याकाळपर्यंत सगळं आटपलं. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर. लोक म्हणाले, काय दगडाचा माणूस आहे. मला काय वाटलं म्हणाल, तर काय नाय वाटलं. घंटा द्यायची होती, दिली.

पंखा लावला त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या तिथीला माझी बायको सुंदरा बघायला आली. पंखा जोरात फिरत होता. ती खाली उभी राहून वर बघतेय, बघतेय.

"नाव कुठाय ओ?"

"फिरतोय ना गो. फिरल्यावर कसं दिसंल?"

तिला अक्षरओळख नाय. पण पेंटरनं नाव लिहिलं तेव्हा ती त्याच्या शेजारी बसून होती, तेवढी अक्षरं तिनं डोळ्यांत भरून घेतलेली. ती रडायला लागली, म्हणाली, बंद करा तो. मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी परत लावला. मग एका रविवारी बोर्ड उघडून मी त्याची तारच सोडवून ठेवली. बटणावर कागद डकवला, 'बंद आहे'. दरसाल रजिस्टरात माझ्याच हातानं लिहिलं, पंखा क्रमांक अकरा, नादुरुस्त. पोरं बोंबलायची, "मामा, मागं उकडतंय." मी म्हणायचो, वर हिमालयात जाऊन बसा. नऊ वर्षं असंच चाललं. सुंदरा तिथीला यायची, मान वर करून नाव वाचायची, घरी जायची.

वायरिंगचं काम मुरबाडच्या ओमकारकडे होतं. पोरगा हुशार, पण वटवट फार. त्यानं रजिस्टर हातात घेतलं नि भराभर यादी केली. अकरा नंबरपुढं लिहिलं, भंगार.

"उद्या दुपारी टेम्पो येतोय, मामा. काय असंल ते बाजूला काढून ठेवा."

मी त्याच्या यादीवर सही केली, चहा सांगितला.

घरी जेवताना सुंदराला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"घरी आणा मग तो."

"घरात लावणार? रोज उठून पोरीच्या नावापुढचं कै. बघणार तू?"

घरात तसला पंखा कुणी लावत नाय.

"मग वर वाचनालयात लावायला सांगा."

"तिथं चालूच लागतो. चालू असला तर फिरणार, फिरला तर नाव दिसायचं नाय. तूच सांग आता, काय करू?"

मी जरा ओरडूनच बोललो. तिनं ताट सरकवलं. सकाळी मात्र लुगडं बदलून माझ्या आधी दारात उभी. गाडीवर मागं बसली.

चार नंबरमध्ये बाक नव्हते. भिंती खरवडलेल्या, जमिनीवर सिमेंटच्या गोणी. ओमकार शिडीवर होता.

"मामा, ह्या अकराची मोटर तर कोरी वाटतेय. बंद का हा?"

सुंदरा माझ्याकडे बघत होती.

"मी तार सोडवलीय," मी म्हणालो. "नऊ वर्षांपूर्वी."

"तुमी? कशाला?"

"नाव वाचायला."

पोरानं वर पात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जोडू का?" त्यानं हळूच विचारलं. मी सुंदराकडे बघितलं. जोड म्हणालो तर नाव गेलं, नको म्हणालो तर दुपारी पंखाच गेला. तिनं पदर तोंडाला लावला, मग मानेनंच हो म्हणाली.

ओमकारनं तार जोडली, बटण दाबलं. पंखा नुसता घुं करून राहिला. त्यानं केरसुणीच्या दांड्यानं पातं ढकललं. सारिका सरकली, मागून माझं नाव, मग स्मरणार्थ. परत सारिका. मग भराभर, आणि मग वर नुसता पांढरा गोल. नऊ वर्षांची धूळ आमच्या दोघांच्या डोक्यावर पडली. सुंदरानं डोकं झाकलं नाय. ती मागच्या भिंतीशी, जिथं शेवटचा बाक असायचा, तिथं जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळावरचे केस हलायला लागले.

"ती सांगायची मला," सुंदरा म्हणाली. "आई गो, मागच्या बाकावर जीव जातो उकाड्यानं. दोनच पंखे, दोन्ही पुढं. तुमाला सांगू नको म्हणायची. म्हणायची, बाबा शिपाई, उगाच साहेबांपुढं हात जोडायला जातील. म्हणून तर मी म्हणाले, द्यायचा तर पंखाच द्यायचा."

मला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या वर्गात मी दिवसातून चारदा जायचो, खडू ठेवायचो, फळा पुसायचो. पोरीनं एकदा तोंड उघडलं असतं तर शिडी घेऊन मी स्वतः वर चढलो असतो.

"नि मीच बंद करायला लावला," सुंदरा म्हणाली.

"तार मी सोडवली."

ओमकार यादी घेऊन उभा होता. "मामा, काय लिहू?"

"चालू लिही," मी म्हणालो. वारा माझ्या मानेवर येत होता, चांगला गार. मी गोणीवर बसलो आणि पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा मला हमसून रडायला आलं. पोरगी वारा मागत होती, आणि आमी तो अडवून तिचं नाव वाचत बसलो होतो.