एर्मिनियाबाईंच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. क्यूबातल्या सिएनफुएगोस गावी एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि माझ्या टोकाला झाडू बसवला. अकरा वर्षे मी एर्मिनियाबाईंचे घर झाडले. झाडू पार झिजला तेव्हा आता आपली रवानगी चुलीत, असे मी धरून चाललो होतो.

पण त्याच सुमारास बाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "रोज एक दांडा दोन्ही हातांत धरून डोक्यावर न्यायचा. कंटाळा केलात तर खांदा कायमचा असाच राहील." बाईंचा मुलगा रोलांदो सांता क्लारा शहरात असतो. त्याने बजावले, "हात वर गेला नाही तर तुला इथे एकटीला ठेवणार नाही. डिसेंबरात येऊन बघतो." आपले घर सोडायच्या नुसत्या विचाराने बाईंना रडू कोसळले. अशी मला बढती मिळाली.

आमच्या बागेत रोज सकाळी आठला म्हातारी मंडळी जमतात आणि योस्वानी मास्तर त्यांच्याकडून व्यायाम करून घेतो. दांडे ज्याचे त्याने घरून आणायचे. कुणाचा झाडूचा, कुणाचा फरशी पुसायचा. पंधरा दिवस बाईंनी खाडा केला नाही. मी त्यांच्या नाकापर्यंत पोचलो. "आजी, सगळ्यांत सरळ दांडा तुमचा," मास्तर म्हणाला, आणि मी फुशारलो.

आमच्याकडे पावाच्या रांगेत पिशवी ठेवली की माणूस उभा आहे असेच धरतात. त्याची बाईंना सवय. एका सकाळी त्या शेजारच्या सोइलाला म्हणाल्या, "माझा दांडा ओळीत उभा करून ठेव. पाव घेऊन आलेच."

"आणि उशीर झाला तर?"

"दांडा आहे ना तिथे. नंबर माझाच."

सोइला स्वभावाने मऊ. मास्तरने नाव पुकारले की ती म्हणायची, "आहे, आहे, इथेच आहे." पहिल्या दिवशी खरेच पाव होता. मग पावानंतर कुणाकडे कॉफी, आणि पुढे पुढे तर काही कारणही लागेना. सोइलाच मला नेई आणि आणी. महिनाभर मी बदामाच्या झाडाला टेकून व्यायाम बघितला. वहीत बाईंची हजेरी भरत होती आणि मला लाज वाटत होती.

रोलांदो यायला आठवडा उरला तेव्हा बाईंनी घरी मला उचलून पाहिले. मी हनुवटीशी अडलो. पुन्हा उचलले, पुन्हा तिथेच. मला मांडीवर घेऊन त्या पलंगावर बसल्या आणि हुंदके देऊ लागल्या. सोइला धावत आली.

"तू महिनाभर माझ्या नावानं 'आहे' म्हणालीस."

"तूच सांगितलं होतंस ना?"

"मी काय, मी काहीही सांगेन गं. तू माझा कान धरायचास."

"बरं, मग आता धरते," सोइला डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने दोघींच्या पिशव्या पावाच्या रांगेत ठेवल्या आणि बाईंना ओढत बागेत आणले. पण आठवड्यात खांदा कुठला सुटायला? रोलांदो आला तेव्हा मी जेमतेम ओठांशी होतो.

"खोटं सांगत नाही, बाळा," बाई म्हणाल्या. "महिनाभर दांडा बागेत जात होता, मी नव्हते जात. मला एप्रिलपर्यंत वेळ दे."

"आणि पुन्हा दांडी मारलीस तर?"

"तर तुला फोन मी करीन," सोइला म्हणाली. "ही माझ्याशी जन्मभर अबोला धरेल. धरू दे."

रोलांदोने आपला नंबर सोइलाला लिहून दिला.

फेब्रुवारीत एकदा बाईंनी दार उघडले नाही. आतूनच म्हणाल्या, "आज थंडी आहे." बाहेरून सोइला म्हणाली, "रोलांदोलाही तसंच सांगू?" दार उघडले. पायांत चपला होत्याच.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी बाईंचे कपाळ ओलांडले, केस ओलांडले आणि थेट डोक्यावर गेलो. मास्तरने दहा आकडे मोजेपर्यंत त्यांनी मला खाली घेतले नाही. रोलांदोने पुन्हा घर सोडण्याचा विषय काढला नाही.

मित्रांनो, आता मला मधोमध चीर गेली आहे. कुणाच्या जागी उभे राहायचे काम मला पुन्हा देऊ नका, ते मला जमत नाही. आणि तुमचा सोबती आला नाही, तर त्याच्या नावाने हजेरी देऊ नका. त्याच्या दारावर जाऊन थाप मारा.