दगडासोबत आलेली चिंबोरी

मी कोळ्याचा मुलगा आहे आणि मला बोट लागते. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं. वडिलांनी मला तीनदा होडीवर नेलं आणि तिन्ही वेळा मी इतका आडवा झालो की चौथ्यांदा त्यांनी माझ्याऐवजी बर्फाची जादा पेटी नेली. तेव्हा मी जमिनीवरच काहीतरी करावं हे घरात सगळ्यांनी एकमताने ठरवलं. नागावच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथे नारळांत चार खोल्या काढून मी होमस्टे सुरू केला. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. पाच फुटी काच, निळे दिवे, लाटा काढणारा पंप, रंगीत समुद्रफुलं आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची एक जोडी.

समुद्र माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. टाकीचं मीठ मात्र मी कुरियरने मागवायचो. पाहुण्यांना मी खारटपणाचे आकडे दशांश चिन्हासकट सांगायचो, आणि ती माणसं माझ्याकडे मोठा दर्यावर्दी असल्यासारखी बघायची. मला ते आवडायचं.

शोभेच्या माशांचं दुकान पनवेलला. चालवणारा प्रणय हा मुलगा भला आहे. त्याने बजावलं होतं की दगड माझ्याकडचाच घ्या, तो सहा महिने टाकीत मुरवलेला असतो, समुद्रातला उचललात तर त्याच्या भोकांतून काय काय सोबत येईल सांगता येत नाही. त्यावर माझ्यातला कोळी जागा झाला. तो एरवी झोपलेला असतो, पण नको तिथे हमखास उठतो. मी प्रणयला म्हणालो की कोळ्याच्या पोराला दगड विकायला निघालायस का. दसऱ्याच्या सुमाराला वाडीखालचं खडप, म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ पट्टा, ओहोटीला उघडं पडलं तसा मी गेलो, चांगला भोकाभोकांचा दगड निवडला, टाकीच्या तळाला पाया म्हणून बसवला आणि त्याच्यावर बाकी सगळा डोंगर गोंदाने चिकटवला. म्हणजे तो दगड काढायचा तर अख्खी टाकी मोडायची. इतकं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

दिवाळीत पुण्याचे पाहुणे आले होते. मी टाकीपुढे उभा राहून प्रवचन देत होतो. तेवढ्यात माझी आई, येसूबाई, मागच्या पडवीतून हॉलमध्ये आली. तिने चाळीस वर्षं अलिबागच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेल्यापासून ती घरीच असते, पण मासळी साफ करण्याचं काम कोणाला देत नाही. काचेत डोकावल्याबरोबर तिला दगडाच्या भोकात मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. माझं तिकडे लक्षच नव्हतं. तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि सरळ हात पाण्यात घातला.

"चिंबोरीचं पिलू हाय," ती म्हणाली, "आताच काढ, मोठी झाली का गावायची न्हाय."

मी पाहुण्यांकडे पाहिलं आणि मग जे बोललो ते अजून कानात आहे. म्हणालो, "आई, मासळीचे हात आत घालू नकोस. हा बाजारातला टोपला नाही."

तिने हात बाहेर काढला. बांगड्यांवरून पाणी ठिबकत होतं. हात पदराला पुसून ती आल्या वाटेने मागे गेली, आणि त्यानंतर माझ्या देखत हॉलमध्ये आलीच नाही. रस्त्यावर जायचं असलं तरी ती विहिरीकडून वळसा घालून जायची. त्याआधी रोज संध्याकाळी ती टाकीशेजारच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहुण्यांना ताजा पापलेट कसा ओळखायचा ते शिकवायची. लोक माझे आकडे विसरून तिच्याभोवती जमायचे. आता जुने पाहुणे आले की पहिला प्रश्न, आजी कुठायत. मी सांगायचो की पाय दुखतात.

माझी बायको हेमाली मला तीनदा म्हणाली की जाऊन माफी माग. मी म्हणालो, येईल आपणहून. सात महिने मी हेच म्हणत होतो. मला तिची आठवण यायची, आणि ती वीस पावलांवर पडवीत बसलेली असायची.

इकडे मसुराचा दाणा वाढत गेला. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. काळ्या नांग्यांचा, केसाळ पायांचा खेकडा. आमच्या घरात दोन गोष्टी जमेनात. खेकडा दगडातून बाहेर येईना आणि आई हॉलमध्ये येईना. मी पहिली हातात घेतली, कारण तिच्यात माफी मागावी लागत नव्हती.

फेब्रुवारीपासून प्रणयने फोनवर सांगितलेले सगळे उपाय मी केले. काचेचा पेला दगडाला टेकवून ठेवला, आत कोळंबीचा तुकडा. खेकडा घसरून आत पडतो म्हणे. सकाळी पेल्यात माझीच पाळलेली कोळंबी बसली होती, आणि ती आमिष खाऊन तृप्त दिसत होती. बाटलीचा पिंजरा केला, त्यात क्लाऊनफिश अडकला. इंजेक्शनच्या सुईने भोकात गरम पाणी सोडलं, तर खेकडा मागच्या भोकात सरकला आणि दारातलं सगळ्यात सुंदर समुद्रफूल उकडलं. लहानपणी ऐकलेलं आठवलं की अंधाऱ्या पंधरवड्यात चिंबोऱ्या भरलेल्या असतात, म्हणून अमावास्या धरून ताजा बांगडा लावला. त्याला खेकड्याने नांगीसुद्धा लावली नाही. शेवटी बांबूची काडी घेऊन हात घातला, तेव्हा ठाण्याच्या एका कुटुंबासमोर त्याने माझं बोट धरलं. त्यातल्या आजोबांनी शांतपणे विचारलं की तुम्ही मूळचे कुठले. मी देशावरचा म्हणून सांगितलं.

मे महिन्यात जोडीतला एक क्लाऊनफिश नाहीसा झाला. काटासुद्धा मिळाला नाही. दुसरा कोपऱ्यात जाऊन काचेला तोंड लावून उभा राहिला, खाईना. मला खरोखर वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी हेमालीला म्हणालो की बस झालं, उद्या टाकी मोडतो. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली की चाळीस वर्षं चिंबोऱ्या हाताळलेलं माणूस मागे बसलंय आणि तुम्ही पनवेलला फोन लावताय.

दुपारी मी पडवीत गेलो. दिवस असा होता की कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. आई सुपात सुका जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, निवडत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि खेकड्याविषयी बोलायला सुरुवात केली. किती मोठा झालाय, काय काय केलं, कसं काहीच लागू पडत नाही. मी बराच वेळ बोललो. तिने जवळ्यातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "माज्या हाताला मासलीचा वास येतो."

पाहुण्यांसमोर मी तिला आई म्हणतो. लहानपणापासून ती आये.

"आये, चुकलो," मी म्हणालो. "त्या लोकांसमोर तुझी लाज वाटली मला. आता माझीच वाटते."

एवढ्यापर्यंत यायला सात महिने लागले आणि म्हणायला काही क्षणही लागले नाहीत. आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मला विचारलं, किती वाजले. मी सांगितलं, तीनला पाच कमी. मग चल, म्हणाली. चिमूटभर जवळा मुठीत घेऊन ती पुढे निघाली.

मला वाटलं होतं की ती उंबऱ्यावर घुटमळेल. ती नाही घुटमळली. पडद्यामागचं स्टूल मला शोधावं लागतं, तिने ते न बघता ओढून घेतलं. लाटांचा पंप आधी बंद केला. झाकणाची खिटी अडकते, ती थोडी उचलून सरकवावी लागते. मला ते जमायला आठवडा लागला होता, तिने एका बोटाने सरकवली. मी आपला मागे उभा. मग तिने बांगडीने काचेवर दोनदा टकटक केली आणि जवळ्याची मूठ पाण्यात नेऊन उघडी धरली.

खेकडा बाहेर आला. तीन महिने ज्याच्यासाठी मी पेले, पिंजरे, सुया आणि अमावास्या केल्या, तो दगडावरून चालत आला आणि तिच्या तळहातावर चढून जेवायला बसला.

"तू रोज येतेस?" मी विचारलं.

"तू दुपारचा झोपतंस तवा."

"म्हणून पिंजऱ्यात जात नव्हता."

"पोट भरल्यावर कशाला जाईल?"

मी म्हणालो की मग निदान मासा तरी वाचवायचा होतास, त्याने माझा मासा खाल्ला. आई म्हणाली की मासा खाल्लेला नाही, तो उडी मारून टाकीखालच्या कपाटामागे पडला होता, मुंग्या लागल्या होत्या, तिनेच उचलून माडाखाली पुरला. झाकण लावायला मी विसरतो, हेही तिने सांगितलं. मग तिने हात हळूच काचेजवळ आणला, म्हणजे मला खेकडा नीट दिसावा.

"ह्या टाकीत आपल्या दर्याची ही एकलीच," ती म्हणाली. "बाकी समदे इमानात बसून आलेले. तू हिलाबी हाकलतंस. म्हटलं, हिला कोन जेवन देल."

सात महिने मला वाटत होतं की ती हॉलमध्ये येत नाही. ती रोज येत होती, फक्त माझ्यासाठी येत नव्हती. हिलाबी, असं ती म्हणाली होती. आधी कोणाला हाकललं, ते विचारायची गरज नव्हती.

आईने विचारलं, "सोडू खडपावर? तुला नको ना ही?"

तीन महिने मला हेच हवं होतं. आता खेकडा हातात आयता होता आणि माझ्या तोंडातून हो निघेना. प्रणयला फोन लावला. तो म्हणाला की टाकीखालच्या कपाटात पाणी गाळायची दुसरी टाकी आहे, तिच्यात ठेवा, बरेच जण तसंच करतात. आईने चिंबोरी तिच्यात सोडली, मी खडपावरचा दुसरा दगड आत ठेवला आणि कपाटाचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. त्यामुळे खालची टाकी बरोबर निळ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या नजरेसमोर आली.

आता वरच्या टाकीत क्लाऊनफिशची नवी जोडी जुळतेय, पण तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. तीन वाजले की पाहुणे दुपारची झोप सोडून खुर्चीभोवती जमतात. आई बांगडी वाजवते, चिंबोरी येते, आणि मग पापलेटापासून सुरू होऊन गोष्टी कुठल्या कुठे जातात. माझे दशांश चिन्हातले आकडे महिन्याभरात कोणी विचारलेले नाहीत.

मागच्या रविवारी त्या दिवाळीतलंच पुण्याचं कुटुंब परत आलं. मला वाटलं, आपणही जरा करून दाखवावं. मी बाथरूममधून हात धुऊन आलो, चिमूटभर जवळा घेतला आणि खालच्या टाकीत हात घातला. खेकडा भोकात पळाला.

"ते साबनाचे हात आत घालू नको," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "वासानं मरंल ती."

मी हात बाहेर काढला आणि शर्टाला पुसला. पुणेकर माझ्याकडे बघत होते. मी हॉलमधून गेलो नाही. तिच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसलो.