शेटच्या गाडीचं इंजिन

आचल दुपारी दोनला झोपते आणि साडेतीनला उठते. मधल्या दीड तासात मी कपड्यांच्या घड्या घालायला बसते आणि गाडी चालवते. म्हणजे अमरावतीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर, पलंगावरच, पोरीच्या पोटावर एक हात ठेवून, डोळे अर्धे मिटून. बडनेरा मागे पडतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी तुरी फुलोऱ्यावर आलेल्या असतात. डोक्यावर छत नसतं, आणि डाव्या सीटवर बाबा बसलेले असतात. ते बोलत नाहीत. वाऱ्यानं त्यांचा शर्ट फुगतो आणि ते थोडे जाड दिसतात, पूर्वी होते तसे.

गाडी खरी आहे, फक्त ती चालत नाही. अकोल्याला माझ्या माहेरी, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं उभी आहे. विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची, कच्च्या चिंचेसारखी हिरवी. एका जिनिंगवाल्या शेटनं हौसेनं आणलेली, त्याच्या नातवांनी कंटाळून बाबांना विकून टाकलेली. माझे बाबा, देवमन, तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दिवसभर बसखाली झोपून घरी आलेला माणूस पुन्हा गाडीखालीच झोपायला का गेला, हे आईला अजून समजलेलं नाही. मोहल्ल्यात तिला आजही शेटची गाडीच म्हणतात.

आणि ती बंद पडली माझ्यामुळे.

मी सहा वर्षांची होते. मे महिना. बाबांनी मला बाळापूर रोडनं फिरवून आणलं होतं. घरी येईपर्यंत गाडी इतकी तापली की रेडिएटरमधलं पाणी उकळून निघून गेलं. बाबांनी फडक्यानं धरून झाकण उघडलं, तिला निवायला सोडलं आणि हात धुवायला आत गेले. आमच्याकडे उन्हातून कोणी आलं की आधी पाणी द्यायचं, मग कोण-कुठले ते विचारायचं. ते काम माझं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. मी माठातून तांब्या भरला, स्टुलावर चढले आणि गाडीला पाणी पाजलं. तिसऱ्या तांब्याला आतून आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

तापलेल्या लोखंडावर माठाचं गार पाणी. इंजिनचा ब्लॉक तडकला. बाबांनी वेल्डिंग करून पाहिलं, पण ऑइलमध्ये पाणी उतरत राहिलं. ते मला कधीच रागावले नाहीत. उलट लग्नाकार्यात जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "देवमनभाऊ, तो गाडीचा किस्सा सांगा न." मग बाबा सांगतात, "माह्या पोरीनं गाडीले पाणी पाजलं. तहानली होती बिचारी." सगळे हसतात. मीही हसते, आणि दर वेळी माझ्या हातात तो रिकामा तांब्या येतो.

माझ्या लग्नानंतर आम्ही ठरवलं होतं की तडकलेलं इंजिन काढायचं आणि जिप्सी जीपचं बसवायचं. माझा नवरा अश्विन नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्यानं शालिकराम भंगारवाल्याकडून अपघातातल्या जिप्सीचं इंजिन मिळवलं, आरटीओची परवानगीही आणली. मग आचल झाली. इंजिन गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये पडून राहिलं. बाबांचे कान वर्कशॉपनं आधीच नेले होते. गेल्या वर्षापासून उजवा हातही थरथरायला लागला.

मागच्या महिन्यात एका दुपारी अश्विन सुट्टीवर होता. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"पाह्य. शेटच्या गाडीची जुळी बहीण."

तीच बनावट, पण लाल. रंग नवा, सीटा नव्या, इंजिन बदललेलं, कागद साफ. अचलपूरचे खुशालराव म्हणून कोणी संत्राबागाईतदार विकत होते.

"चावी फिरवली की चालू," अश्विन म्हणाला. "आपलं इंजिन बसवाचं म्हणजे माउंट बनवा, गिअरबॉक्स जुळवा, वायरिंग नवीन करा. दीड वर्ष कुठंच नाही गेलं. अन् तू एका हातानं लेकरू धरशीन का पाना?"

"बाबा आहेत न."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "बाबांचा हात पाह्यला न तू?"

तेवढंच. त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. लाल गाडी घेतली तर बाबा या हिवाळ्यातच माझ्या शेजारी बसतील. इंजिन बदलायला घेतलं तर कदाचित कधीच बसणार नाहीत. पण मी जे तोडलं, ते तसंच तुटलेलं शेडमध्ये राहील, आणि मी दुसऱ्याच गाडीत वारा खात फिरेन.

आईला फोन केला. "घ्या तयार गाडी," ललिताबाईंचा निकाल लगेच आला. "तुह्या बापाच्या हातात चहाचा कप टिकत नाही अन् इंजिन काय बसवून राहिला! ते धूड भंगारात द्या अन् मले तिथं आंबटचुका पेरू द्या."

रविवारी बाबा एसटीनं अमरावतीला आले. शर्टाच्या खिशात पास आणि पिशवीत लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. आम्ही आमच्या गाडीनं अचलपूरला निघालो. आचल माझ्या मांडीवर झोपली आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले. धुकं शेतावरून उठत नव्हतं. संत्र्याची झाडं त्यात बुडालेली, फक्त फळं दिसत होती, कुणी हवेतच टांगून ठेवल्यासारखी.

कोण-कोण येणार ते अश्विननं फोनवर सांगितलं होतं; खुशालराव बागेच्या फाटकाशीच उभे होते. साठीचे, कानाला मफलर.

"जयभीम, खुशालराव," बाबा म्हणाले.

"जयभीम, देवमनभाऊ. या, बसा. आधी चहा, मग गाडी."

"आधी गाडी," बाबा म्हणाले. खुशालरावांचं बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

लाल गाडी गोदामासमोर उभी होती. खुशालरावांनी ती चालू केली. बाबांनी बॉनेट उघडलं, पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. कान गेल्यापासून ते इंजिन असंच ऐकतात. डोळे मिटलेले, कपाळावर आठी, आणि दातांतून आत जाणारी ती बारीक थरथर. हाताची थरथर तेवढा वेळ थांबली होती, की दोन्ही एकमेकांत मिसळून गेल्या होत्या, सांगता येत नाही.

मला वाटत होतं, खोट निघावी. एखादा वॉल्व्ह वाजावा, एखादं बेअरिंग बोलावं. म्हणजे ठरवायचं काम माझ्यावर राहणार नाही.

बाबांनी पेचकस काढला. "चांगलं बसवलं," ते म्हणाले. "खोट नाही."

"एक चक्कर मारून आणा न बाई," खुशालराव मला म्हणाले. "बापाले घेऊन जा."

मी आचलला अश्विनकडे दिलं आणि बाबांना घेऊन निघाले. बागांमधली ती डांबरी सडक, वर फांद्या, फांद्यांमधून उतरणारं कोवळं ऊन. छत नव्हतं. बाबा डाव्या सीटवर. त्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला होता, तापात लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. वाऱ्यानं त्यांचा शर्ट फुगला. सगळं माझ्या दुपारसारखंच होतं, इतकं की मी मध्येच घाबरले. आचल आता उठेल आणि हे जाईल असं वाटलं. पण ती उठली नाही. सडक संपली, मी गाडी वळवली आणि आम्ही परत आलो. वीस मिनिटांत सगळं झालं होतं.

चहा पिताना अश्विननं विचारलं, "विकता कावून एवढी चांगली गाडी?"

खुशालरावांनी बशीतला चहा संपवला. "चार वरीस लागून होतो हिच्या मांगं. बायको म्हणे, बागेत झोप नाही तर गाडीत झोप, घरात येऊ नको. मग झाली एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दात घासले, अन् मले समजेचना की आता कुठं जावं." ते स्वतःशीच हसले. "फडक्यानं पुसत किती दिवस बसू? गोदामात दुसरा सांगाडा आणून ठेवला आहे. ह्याहिले सांगू नका पण." त्यांनी मानेनं घराकडे खूण केली.

परतीच्या रस्त्यात मी मागच्या सीटवर बाबांच्या डाव्या बाजूला बसले. त्या कानात थोडं पोचतं.

"घ्यायची का बाबा?"

"तुले पायजे तर घे."

"तुमाले काय पायजे?"

त्यांनी पिशवीतल्या पेचकसाची मूठ चाचपली. मग म्हणाले, "तू त्या पाण्यासाठी करून राहिली काय हे सगळं?"

बावीस वर्षांत त्यांनी ती गोष्ट हसल्याशिवाय कधी काढली नव्हती.

"झाकण मी उघडं ठेवलं," बाबा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, थोडं मोठ्यानं, त्यामुळे गाडीत लपायला जागा उरली नाही. "उकळतं रेडिएटर, अन् बाजूले सहा वर्षांचं लेकरू. मी हात धुवाले गेलो. आवाज आला न, तवा मले इंजिनचं काहीच वाटलं नाही. पळत आलो त पयले तुह्ये हात पाह्यले. तोंड पाह्यलं. वाफ दुसऱ्या बाजूनं गेली होती, म्हणून तू आज बसून आहे इथं."

"मग तुमी तो किस्सा..."

"हासून सांगतो. दुसऱ्या कोणत्या तोंडानं सांगू?"

अश्विननं आरशात एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. आचल माझ्या मांडीवर जागी झाली होती. तिनं दोन्ही मुठी उघडल्या, मिटल्या. मी ते हात पाहत राहिले. किती पातळ कातडी असते. आत निळ्या शिरा दिसतात, वहीच्या ओळींसारख्या. हे हात आणि ती वाफ मी एका चित्रात ठेवून पाहिली, आणि मला कळलं की बाबा बावीस वर्षं शेडमधल्या गाडीवरचं कापड काढून रोज जे पुसत होते, ती माझी चूक नव्हतीच; त्यांची स्वतःची होती.

"ते तडकलेलं इंजिन मले गाडीत नाही पायजे," ते म्हणाले. "माह्या हातानं काढाचं आहे. नवीन बसो का ना बसो."

वलगाव आलं तेव्हा मी म्हणाले, "अश्विन, खुशालरावांना फोन करून सांग, आम्ही नाही घेत."

"दीड वर्ष," तो म्हणाला.

"दोन."

"अन् पुरी नाही झाली तं?"

"तर नाही झाली."

त्यानं मान हलवली. नाराज होता की नव्हता, कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "इंजिन उचलाले चेनपुली कारखान्यातून मागून आणतो. रविवारची."

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी अकोल्याला आम्ही शेटची गाडी ढकलत कडुनिंबाखाली आणली. सकाळीच बाबांनी चुन्यानं अंगणात एक रेघ मारली होती आणि आईला बजावलं होतं, आचल हिच्या इकडं येता कामा नये. आई रेघेपलीकडे ओट्यावर नातीला घट्ट धरून बसली. कोणते बोल्ट आधी, कोणते मागून, हे बाबा बोटानं दाखवायचे. बोट थरथरायचं, पण बरोबर जागी टेकायचं. पाना मी फिरवायची. गंजलेला एक बोल्ट सुटेना, तेव्हा त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून जोर केला.

अश्विननं साखळी ओढली. फांदी करकरली. बावीस वर्षं बसलेलं ते इंजिन इंचभर उठलं, मग वीतभर, आणि जुन्या ऑइलचे दोन काळे थेंब मातीत पडले. त्याचं ओझं गेलं तशी गाडीची पुढची स्प्रिंग सैल झाली. तिचं नाक सावकाश, कुणी न उचलता, चार बोटं वर आलं.

"पाह्य," बाबा म्हणाले. "वर आली."

त्यांनी साखळीवर लटकलेल्या इंजिनकडे पाहिलंही नाही. ते वाकून त्या रिकाम्या जागेत बघत होते, आणि मीही त्यांच्या शेजारी वाकले. आत ऊन पडलं होतं.

ओट्यावरून आई म्हणाली, "झालं? आता दोन-दोन इंजिनं ठेवता कुठं?"

"मले ऐकू नाही येत," बाबा म्हणाले.